मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील सुगी

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुका ज्वारीचे कोठार म्हणून पिढ्यानपिढ्या ओळखला जातो. भीमा व माण या नद्यांच्या काठची येथील जमीन खोल, काळी व ओल धरून ठेवणारी आहे. पाऊस मात्र बेताचा व लहरी. त्यातला भरवशाचा भाग भाद्रपद-आश्विनात पडणारा. अशा पावसावर खरिपाचे पीक घेणे म्हणजे बी मातीत टाकून नशिबाची वाट पाहणे होय. म्हणून रान पावसाळाभर मोकळे ठेवावे, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारावे, ओल मुरवावी आणि मग पाभर धरावी, असा शिरस्ता येथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच पाडला. पेरणीनंतर एखादी सर आली तर आली. नाही तर पीक जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या थंडीवर उभे राहते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे संशोधन सुरू झाले, त्याने या जुन्या शहाणपणाला मोजमापाची जोड दिली. जवळच्याच मोहोळ येथील केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण तर इतका रुजला, की मालदांडी आणि शाळू हे शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या तालुक्यातील एका मोठ्या एकत्र कुटुंबाची सुगी जवळून पाहण्याजोगी आहे. चार भाऊ, त्यांची मुले, सुना व नातवंडे मिळून बावीस माणसे. सातबाऱ्यावर खाती निरनिराळी असली तरी वहिवाट, बैल, ट्रॅक्टर आणि चूल एक आहे. सत्तर एकरांपैकी पंचेचाळीस एकरांत रब्बी ज्वारी असते; त्यातील तीस एकर नदीकडचे खोल काळे रान व पंधरा एकर माळाची मध्यम ते हलकी जमीन. कुटुंबात सर्वांत वडील ते आबा. हिशेबाची वही दुसऱ्या भावाकडे, म्हणजे तात्यांकडे. यंत्रे व मळणी पुतण्याकडे. बियाणे व कोठीघर थोरल्या काकींकडे. ही वाटणी कोणी कागदावर केलेली नाही, परंतु सुगीच्या दिवसांत ती मोडण्याची कोणाची छाती नाही.

दोन्ही प्रकारच्या जमिनींत एकच वाण पेरण्याची जुनी चाल या घराने सोडून दिली आहे. माळाच्या मध्यम जमिनीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले सुचित्रा, अगदी हलक्या तुकड्यात फुले अनुराधा व खोल रानात मालदांडी आणि फुले वसुधा असे वाण ते पेरतात. हलक्या जमिनीत ओल लवकर सरते. तेथे उशिरा पक्व होणारे वाण पेरले, तर दाणा भरण्याच्या ऐन वेळी मुळांना ओल मिळत नाही, खडखड्या रोग बळावतो, ताटे बुडापासून वाळून वाऱ्याने आडवी पडतात आणि कणसे पोचट राहतात. जमिनीप्रमाणे वाण बदलल्याचा दुसरा फायदा सुगीत दिसतो. माळावरचे पीक आधी काढणीस येते व काळ्या रानातले मागून. पंचेचाळीस एकर एकदम पिवळे पडले, तर घरची माणसे आणि मिळतील तेवढे मजूर दोन्ही अपुरे ठरतील.

काढणी केव्हा सुरू करावयाची हे आबा पंचांग पाहून ठरवीत नाहीत. रानाच्या मध्यभागी जाऊन पाच-सहा ठिकाणची कणसे ते हातात घेतात, खालच्या बाजूचे दाणे खुडतात व दाण्याचे बूड पाहतात. जेथे दाणा तुसाला चिकटलेला असतो तेथे बारीक काळा ठिपका दिसू लागला, म्हणजे दाण्यात भर पडावयाची थांबली असे समजावे. तथापि त्या वेळी दाण्यात ओलावा पुष्कळ असतो, म्हणून ठिपका दिसताच घाई करण्याचे कारण नाही. कणसाचा दांडा पिवळा पडावा, दाणा टणक व्हावा आणि दाताखाली धरला असता दबता फुटू नये, कट्ट आवाज करून फुटावा. मग माणसे लावावी. कणसाचे दाणे शेंड्याकडून बुडाकडे पक्व होत जातात. केवळ शेंडा पाहून काढणी करणारा शेतकरी बुडचे चिमलेले दाणे घरी आणतो, व वजनात फसल्यावर दोष मात्र वाणाला देतो.

खरी अडचण माणसांची. रब्बी ज्वारीची सुगी आणि साखर कारखान्यांचा हंगाम हे माघ-फाल्गुनात एकमेकांवर येतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तोपर्यंत परतलेली नसतात. उरलेल्या मजुरांच्या टोळ्या उक्ते काम घेतात, आणि जो एकरी चार पैसे जास्त देईल त्याच्या बांधावर जातात. यात त्यांचे काही चुकते असे म्हणता येणार नाही. वर्षातून महिना-दीड महिनाच त्यांच्या हाताला असा भाव येतो. या कुटुंबाने तीन गोष्टी पाळल्या आहेत. उक्त्याचा दर काम सुरू होण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरतो, दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या सायंकाळी रोख हिशेब चुकता होतो, आणि मळणी झाल्यावर रोखीखेरीज प्रत्येक मजुराच्या घरी थोडी ज्वारी जाते. जुन्या बलुत्याची ती आठवण आहे असे तात्या म्हणतात. ते काहीही असो, त्या ज्वारीचा उपयोग कसा होतो हे पुढे दिसून येईल.

कापणी यंत्राने का होत नाही, असा प्रश्न नवशिक्या कार्यकर्त्याच्या मनात येणे साहजिक आहे. मालदांडीचे ताट माणसाच्या डोक्यावर जाते, वाऱ्याने कलते, आणि मोठ्या यंत्रातून गेले तर कडब्याचा चुरा होतो. येथील शेतकऱ्याला कडबा हा धान्याच्या मागून येणारा पाला वाटत नाही. एकरी जेवढे धान्य त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक कडबा निघतो, तो पांढरा व पानांसकट असला तर दुभती जनावरे आवडीने खातात, आणि टंचाईच्या वर्षी कडब्याचा पैसा धान्याच्या पैशाला गाठतो. म्हणून ज्वारी मुळासकट उपटतात. काळे रान या दिवसांत भेगाळलेले असते. दोन्ही हातांनी ताट धरून अंगाच्या जोराने ओढावे लागते, व सायंकाळी तळहात सोलवटतात. उपटलेली ताटे मुळ्यांची माती झटकून ओळीने पसरतात. दोन-चार दिवसांनी वाळल्यावर बायका विळ्याने कणसे मोडतात, पुरुष आळा वळून पेंढ्या बांधतात, आणि पेंढ्यांची बुचाडे उभी राहतात. पाच पेंढ्यांचा पाचुंदा आणि विक्री शेकड्यावर, हा हिशेब अजून चालू आहे.

उपटणीमुळे आणखी एक लाभ होतो, तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्वारी कापून घेतलेल्या रानात अवकाळी सर पडली, की बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. त्यात विषारी द्रव्य असते. मोकळी सोडलेली गुरे ते खाऊन फुगतात व तडफडतात, त्यालाच किराळ लागणे म्हणतात. मुळासकट उपटलेल्या रानात फुटवा येतच नाही. जेथे विळ्याने कापणी करावी लागते, तेथे पाऊस पडल्यावर गुरे रानात सोडू नयेत एवढे गुराख्यास बजावून ठेवलेले बरे. चांगला वाळलेला कडबा मात्र निर्धास्त घालावा.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला, त्यात या घराची उपटून पडलेली ज्वारी रानातच काळी पडली होती. त्यानंतर त्यांनी एक बंधन घालून घेतले, की जेवढी ताटे चार दिवसांत मोडून व बांधून होतील तेवढीच उपटावयाची. मजूर मिळाले म्हणून एकदम पंधरा एकर आडवे करावयाचे नाही. हे बंधन पाळणे बोलण्याइतके सोपे नसते, कारण टोळी आज दारात आहे आणि उद्या असेल याचा भरवसा नाही. नुकत्याच झालेल्या एका हंगामात माळावर नेमके असेच झाले. टोळी मोठी मिळाली, हात चांगला चालला, आणि बंधनाबाहेर जाऊन नऊ एकर ज्वारी ओळींत पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून ढग चढू लागले. हवामान खात्याचा इशारा आदल्या सायंकाळीच पुतण्याच्या फोनवर आला होता. तो त्याने जेवताना वाचूनही दाखविला होता. परंतु सकाळी आकाश निरभ्र होते, आणि निरभ्र आकाशाखाली इशारा कोणास खरा वाटत नाही.

काळ्या रानातले पीक त्याच दिवशी काढणीस आले होते. पुतण्याचे म्हणणे, निम्मी माणसे तिकडे लावून पिकले तेवढे उपटून घ्यावे. पाऊस आला तर उभे पीक लोळेल.

“आबा, खालचं रान सोन्यासारखं झालंय. ते हातचं जाईल.”

“उभं हाय ते राहू दे. उभ्याला पाऊस लागला तरी वाऱ्यानं वाळंल. पडल्याल्या कणसाला चिखल लागला, की संपलं. आधी पडल्यालं उचला.”

आबांचे बरोबर होते. उभ्या कणसावरचे पाणी निथळून जाते, व दुसऱ्या दिवशी ऊन पडले तर दाण्यास फारशी इजा होत नाही. जमिनीला टेकलेल्या कणसात मात्र ओल आणि ऊब दोन्ही कोंडतात; एका रात्रीत दाण्याचा रंग जातो, दोन दिवसांत बुरशी धरते आणि चार दिवसांत मोड येतात. यास्तव टोळी, घरच्या सुना, शाळेतून आलेली मुले असे सर्वजण माळावर गेले. त्याच वेळी शेजारच्या बांधावरून टोळीला दीडपट उक्त्याचे बोलावणे आले होते. टोळीच्या मुकादमाने थोडा वेळ विचार केला व माणसे जेथे होती तेथेच ठेवली. आठवड्याचा चुकता हिशेब आणि घरी जाणारी ज्वारी यांचे मोल अशा दुपारी कळते.

वेळ थोडा असता कामाचा क्रम कसा लावावा, हे त्या दिवशीच्या धावपळीत दिसले. कणसे मोडण्यास वेळ लागतो, म्हणून मोडणी थांबविली. ताटे कणसांसकट गोळा करून मोठ्या पेंढ्या बांधल्या व त्यांची बुचाडे अशी लावली, की बुडे बाहेर व कणसे आत, आणि माथ्यावर उलट्या पेंढ्यांची टोपी. पाणी टोपीवरून व ताटांवरून घसरून खाली जाते, आत शिरत नाही. आधी मोडलेल्या कणसांचा ढीग खळ्यावर होता. त्याखाली दगड व लाकडे घालून तळ उचलून घेतला, वरून ताडपत्री टाकली आणि तिच्या कडा मातीने न दाबता दोरांनी ताणल्या, म्हणजे कडेने पाणी बाहेर पडावे व आत थोडी हवा खेळावी. भोवती वीतभर खोल चर काढला. अंधार पडेपर्यंत नऊपैकी साडेसहा एकर आवरले. रात्री पाऊस आला तो तासभरच, पण जोराचा. अडीच एकर भिजले.

सकाळी ऊन पडले. काळ्या रानातील पीक थोडे कलले होते, परंतु उभे होते. भिजलेल्या अडीच एकरांतील कणसे त्याच दिवशी मोडून माळाच्या मुरमाड जागेवर पातळ पसरली व दिवसातून चार वेळा खालीवर केली. ढीग केला असता तर ती आतून तापली असती. बुरशी धरलेली कणसे निवडून उकिरड्यात गाडली. अशी कणसे माणसांनी खाऊ नयेत व जनावरांपुढेही टाकू नयेत. उरलेल्यांची मळणी सर्वांच्या शेवटी, निराळी केली. पाच-सहा पोती डागी ज्वारी शुभ्र राशीत मिसळली तर कळणार नाही, असे घरातील एकदोघांचे मत पडले. तात्यांनी वही मिटून ठेवली आणि ते मत तेथेच संपले. व्यापारी पोत्यात बंबी घालतो तेव्हा राशीतील वाईट दाणा पाहून भाव करतो. सहा पोत्यांची खोट लपविण्यासाठी दोनशे पोत्यांचा भाव उतरविणे याला शहाणपण म्हणत नाहीत.

पूर्वी खळे शेणाने सारवून मधोमध तिवडा रोवीत, बैलांची पात फिरे, आणि वाऱ्याची वाट पाहत उफणणी चाले. महिना-महिना खळ्यावर मुक्काम असे. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणी यंत्राने तेच काम काही दिवसांवर आले. पण यंत्राच्या तोंडाशी घडणारे अपघात हा सुगीतील सर्वांत दुःखाचा भाग आहे, आणि ते बहुधा दमलेल्या माणसाला, दिवस मावळताना, उरलेली थोडी कणसे संपवून टाकू या भरात होतात. मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियंत्रण कायदा झाला. तरी झाकण काढून टाकलेली यंत्रे अद्यापि दिसतात. या घरी कणसे घालण्याच्या तोंडाला लांब पन्हाळ आहे, म्हणजे हात फिरत्या भागापर्यंत पोहोचतच नाही. पट्ट्यावर जाळी आहे. यंत्राशी उभ्या राहणाऱ्या बाईने पदर कमरेला घट्ट खोचावा, पुरुषाने उपरणे काढून ठेवावे, हातात कडे नसावे, आणि अडकलेले कणीस यंत्र पूर्ण थांबल्याखेरीज काढू नये. दर दोन तासांनी माणूस बदलतो. पुतण्याने हे नियम लावले तेव्हा घरात थोडी चेष्टा झाली होती. आता होत नाही. कडब्याच्या गंजी खळ्यापासून व विजेच्या तारांपासून दूर रचतात, आणि पाण्याची टाकी खळ्यावर भरून असते. गंजीला लागलेली आग विझविण्यास गावात कोणीही पुरे पडत नाही.

मळलेली ज्वारी लगेच पोत्यात भरीत नाहीत. ताडपत्रीवर दोन-तीन उन्हे दिल्यावर, ओलावा शेकडा १० ते १२ च्या आत आला म्हणजे सायंकाळी ती गार होऊ देतात व मग भरतात. तापलेले धान्य भरले तर पोत्यात घाम धरते, आणि सोंडे व पोरकिडे यांना आयते घर मिळते. घरच्या वर्षभराच्या ज्वारीसाठी पत्र्याच्या कोठ्या आहेत. जुने पेव अजून वाड्यात आहे. पांढरीच्या मातीत खोदलेल्या अशा पेवांत ज्वारी पुष्कळ दिवस टिकत असे, व दुष्काळात ती गावाला तारीत असे. बहामनी अमलात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्या रयतेला खुली केल्याची कथा याच मंगळवेढ्याची आहे. मात्र पेव उघडणाऱ्याने एक पथ्य पाळावे. आत कोंडलेली हवा प्राणघातक असते. तोंड बराच वेळ उघडे ठेवून, पेटता कंदील दोराने तळाशी सोडून पाहावा. ज्योत मंदावली तर माणसाने उतरू नये. ज्योत टिकली तरी कमरेला दोर बांधल्याखेरीज व वर दोन माणसे उभी असल्याखेरीज कोणी आत जाऊ नये.

सुगीच्या कामांचे वर्णन करताना बियाण्याचे काम बहुधा गाळले जाते, कारण ते खळ्यावर होत नाही व त्याची मजुरी कोणी मांडीत नाही. थोरल्या काकी काढणीपूर्वीच, पीक उभे असताना, दोन दिवस काळ्या रानात फिरतात. बांधाकडेच्या व खताच्या ढिगाजवळच्या ताटांना त्या हात लावीत नाहीत; तेथे कणीस मोठे येते ते जागेच्या गुणाने. रानाच्या मधल्या भागातील, शेजारी दाटी असूनही न लोळलेले, काणी नसलेले, एकसारख्या टपोऱ्या दाण्याचे कणीस त्या निवडतात व ताटाला चिंधी बांधतात. चिंधीची कणसे निराळी मोडली जातात, हाताने बडवली जातात आणि निराळ्या मडक्यांत भरली जातात. पेरणीच्या वेळी किलोला चार ग्रॅम बारीक गंधक चोळले, म्हणजे काणीचा बंदोबस्त होतो. एकरी चार किलो बी पुरते. पंचेचाळीस एकरांचे बी म्हणजे दोन पोतीसुद्धा नव्हेत. पण या दोन पोत्यांवर दोनशे पोती उभी असतात. सुधारित वाणांचे बी तीन-चार वर्षांनी विद्यापीठातून पुन्हा आणावे, हे काकींनी मान्य केले आहे. मालदांडीचे मात्र त्या घरचेच धरतात.

शेवटी हिशेब. तो सर्व भाऊ, मोठी मुले आणि अलीकडे सुना यांच्यासमोर ओसरीवर होतो. घरचे खाणे, बी, मजुरांची ज्वारी बाजूस काढली. डागी सात पोती कमी दराने गेली. केंद्र शासनाने २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३४२१ रुपये ठरविली होती. स्वच्छ, एकसारख्या मालाला बाजार पुष्कळदा त्याहून अधिक देतो, म्हणून या घराची बरीचशी ज्वारी चाळून, तीस किलोच्या पिशव्यांतून सोलापूर-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांकडे जाते. कडब्यातून आलेल्या पैशाने मजुरी व मळणी भागली. भिजलेल्या अडीच एकरांचा तोटा तात्यांनी निराळ्या ओळीत मांडला, व त्यापुढे ‘चार दिवसांहून जास्त उपटले’ एवढेच लिहिले. कोणी कोणाला बोलले नाही.

माळाच्या पंधरा एकरांत पुढील साली डाळिंब लावावे असा पुतण्याचा आग्रह आहे. त्याची कारणे खोटी नाहीत. मजूर दरवर्षी कमी होत आहेत, व उपटणीस तरुण माणसे तयार नाहीत. तात्यांचा सवाल, पाणी कोठले? आबांनी दोघांचे ऐकून पाच एकर त्याला दिले आणि दहा एकर राखले. काळ्या रानाचे नाव कोणी काढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल तेथेच जुंपले गेले, कारण ढेकळे तापण्यासाठी चैत्राचे ऊन वाया जाऊ द्यावयाचे नव्हते.